बलून कुठे उतरेल, याचे उत्तर आधी हवे

दसऱ्याच्या निमित्ताने म्हैसुरात हॉट एअर बलूनच्या फेऱ्या यापूर्वी झाल्या आहेत. राजवाड्याची रोषणाई पाहायला आलेल्या पर्यटकाला चामुंडी टेकडी आणि शहर वरून पाहायला मिळावे, या हौसेत गैर काही नाही. पण पर्यटनाच्या कल्पना एका जागी थांबत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडच्या बफर क्षेत्रात बलून सफारी सुरू झाली, तेव्हा व्याघ्र प्रकल्पातला देशातला हा पहिलाच प्रयोग म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. म्हैसूरच्या नैर्ऋत्येला कबिनी जलाशय, त्याच्या एका अंगाला नागरहोळे आणि दुसऱ्या अंगाला बंदीपूर. म्हैसूर-बंदीपूर-उटी ही सहल मराठी कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. त्यामुळे बांधवगडला जे झाले ते इथे का नको, हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच. माझे म्हणणे असे की, माणसे घेऊन मोकळा उडणारा बलून या जंगलांवर नको आणि जिथून वारा त्याला या जंगलांत नेऊ शकेल अशा कुठल्याही जागेवरून त्याला उड्डाणाची परवानगीही नको. बलून कोसळेल ही भीती त्यामागचे मुख्य कारण नाही. बलून धड उतरला तरी कुठे उतरेल हे त्याच्या चालकाच्या हाती पूर्णपणे कधीच नसते, हे ते कारण आहे.

हे समजायला बलून उडतो कसा ते थोडे जवळून पाहायला हवे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच असलेल्या म्हैसूरसारख्या ठिकाणी शंभर अंशांपर्यंत तापवलेली एक घनमीटर हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. म्हणजे तीन हजार घनमीटरच्या बलूनला सगळे मिळून सातशे किलोंच्या आसपास उचलता येते. त्यातच कापड, टोपली, बर्नर, गॅसच्या टाक्या आणि माणसे आली. बाहेरची हवा जितकी गरम, तितकी ही ताकद कमी. त्या कापडाच्या आत अडीच टनांच्या आसपास हवा कोंडलेली असते आणि एवढा डोलारा झटपट वर किंवा खाली जात नाही. चालकाने बर्नर पेटवला की बलून काही सेकंदांनी प्रतिसाद देतो. समोर झाड किंवा तार दिसल्यावर ज्वाला वाढवून भागत नाही, ती त्याआधीच वाढवलेली असावी लागते. दिशा बदलायला सुकाणू नसते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्यातला सोयीचा थर शोधून त्यात शिरायचे, एवढेच चालकाच्या हाती असते. वारा एकाच दिशेने वाहत असेल तर तेही नाही. म्हणूनच बलून पहाटे किंवा संध्याकाळी उडवतात. ऊन चढले की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठू लागतात आणि कुशल चालकही हतबल होतो. त्यामुळे उड्डाणाला मुदत असते. गॅस संपत आला किंवा ऊन तापू लागले की उतरावेच लागते, मग खाली जे असेल ते असो.

रानावनाचा, ओसाड मुलखाचा शोध बलूनमधून घेण्याच्या प्रयत्नांतला सर्वात बोलका दाखला स्वीडनचा आहे. सालोमन आंद्रे या अभियंत्याने हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुव गाठायचे ठरवले. राजा ऑस्कर दुसरा आणि आल्फ्रेड नोबेल यांनी पैसे दिले, सारा देश या मोहिमेकडे डोळे लावून बसला. १८९६ मध्ये अनुकूल वारा मिळाला नाही आणि मोहीम परतली. तिच्यातले हवामानतज्ज्ञ निल्स एकहोल्म यांनी बलूनमधून गॅस फार गळतो असे बजावून माघार घेतली. आंद्रे थांबले नाहीत. ११ जुलै १८९७ रोजी ते, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल स्वालबार्डमधल्या डेन्स बेटावरून निघाले. जमिनीवर घासत जाणाऱ्या जड दोरांनी बलून थोडाफार वळवता येईल, असा आंद्रे यांचा हिशेब होता. त्या दोरांचा मोठा भाग उड्डाणाच्या पहिल्याच मिनिटांत सुटून पडला. तीन दिवसांनी, १४ जुलैला, बलून बर्फावर उतरला. उतरताना तिघांपैकी कोणालाही इजा झाली नव्हती. नंतर त्यांनी सुमारे तीन महिने तरंगत्या, फुटत्या बर्फावर काढले, मग ते क्विटोया नावाच्या ओसाड बेटावर पोहोचले आणि तिथेच संपले. त्यांचे अवशेष, दैनंदिनी आणि छायाचित्रांच्या फिल्म १९३० मध्ये, तेहतीस वर्षांनी, सापडल्या. बलूनने त्यांचा जीव घेतला नाही. ज्या जागी त्याने त्यांना सुखरूप उतरवले, तिथून माणसाला परत येता येत नव्हते. शिवाय ज्याला हवामान कळत होते त्याचे ऐकले गेले नाही, कारण तोवर पैसे, मान आणि लोकांची अपेक्षा इतकी गुंतली होती की थांबणे हीच नामुष्की वाटू लागली होती. सणाचा मुहूर्त ठरलेला, तिकिटे विकलेली आणि पाहुणे हजर असले की आजही आयोजकांवर हाच दबाव येतो. फक्त आता टोपलीत स्वतःहून जोखीम पत्करलेले संशोधक नसतात, सुट्टीवर आलेली कुटुंबे असतात.

अलीकडचे मोठे अपघात पाहिले तरी बोट बहुतेक वेळा उतरण्याच्या टप्प्याकडेच जाते. २०१२ च्या जानेवारीत न्यूझीलंडमधल्या कार्टरटनजवळ बलून जमिनीलगत असताना वीजवाहिनीला अडकला आणि अकरा जण गेले. २०१३ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधल्या लक्सॉर इथे उतरण्याच्या बेतात असलेल्या बलूनला आग लागली, एकोणीस जण गेले. २०१६ च्या जुलैत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ धुके असूनही निघालेला बलून खाली येताना उच्चदाबाच्या तारांवर आदळला आणि टोपलीतले सोळाही जण मृत्युमुखी पडले. ब्राझीलमधल्या प्रैया ग्रांदे इथला जून २०२५ चा अपघात तर बलूनचे सारे भौतिकशास्त्र क्रूरपणे समोर ठेवतो. टोपलीला आग लागली, चालकाने बलून जमिनीजवळ आणला, एकवीसपैकी तेरा जणांनी उड्या मारल्या. त्यांचे वजन कमी होताच हलका झालेला बलून उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर गेला आणि आठ जण दगावले. हे सारे अपघात शेतांच्या, रस्त्यांच्या, वस्तीच्या प्रदेशात झाले. मदत काही मिनिटांवर होती, उडी मारायला मोकळी जमीन होती. घनदाट जंगलात यातले काहीच नसते.

आता नागरहोळेकडे येऊ. पावसाळा सरला की या भागात वारा बहुतकरून पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतो आणि बलूनला मानवणारे दिवसही नेमके तेच. म्हैसूर शहरातून निघालेला बलून ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात तासाभरात जंगलापर्यंत पोहोचत नाही. तो वाटेतल्या भात-नाचणीच्या नाहीतर तंबाखूच्या शेतात उतरेल, फार तर एखाद्या शेतकऱ्याचे नुकसान करील. पण उड्डाणाची जागा चाळीस-पन्नास किलोमीटर पुढे, कबिनीच्या काठावर नेली, तर हाच वारा बलूनला सरळ जंगलात घेऊन जातो. तिथे खाली साग, नंदी यांसारखी उंच झाडे, बांबूची बेटे आणि त्यांच्या खाली माजलेली घाणेरी असते. झाडांच्या शेंड्यांवर अडकलेली टोपली म्हणजे पंधरा-वीस मीटरवर लोंबकळणारी माणसे. समजा एखादी मोकळी गवताळ जागा सापडली, तर तिथे बहुधा हत्ती असतात. २०२३ च्या गणनेत कर्नाटकात ६,३९५ हत्ती असल्याचा अंदाज निघाला, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यात कबिनी आटू लागली की तिच्या काठच्या गवतावर हत्तींचे मोठमोठे कळप उतरतात. सफारीच्या गाडीतून पाय खाली टाकायला बंदी आहे, ती अशाच कारणासाठी. बलूनचा चालक मात्र त्याच जागी दहा-बारा माणसांना, त्यात लहान मुले आणि वयस्क आलेच, पायी उभे करणार. त्यांना आणायला येणारी गाडी रस्ता नसल्याने तिथवर पोहोचू शकणार नाही, आणि रस्ता काढत गेली तर तोही जंगलावर घाव.

आगीचा धोकाही तितकाच खरा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. बर्नरची ज्वाला चालू असताना टोपली आडवी पडणे, गॅसची नळी फांदीत अडकून तुटणे, या गोष्टी उतरताना घडू शकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपुरात लागलेल्या वणव्यात हजारो एकर जंगल जळाले. वाळलेल्या घाणेरीमुळे तिथे आग किती झपाट्याने पसरते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. १३ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य प्रदेशात गांधीसागर इथे मुख्यमंत्री मोहन यादव बसलेल्या बलूनच्या खालच्या भागाने वाऱ्यामुळे पेट घेतला. बलून अजून जमिनीवरच होता, कर्मचाऱ्यांनी आग लगेच विझवली आणि ते सुखरूप राहिले. सुरक्षेत कसूर झाली नव्हती, असे प्रशासनाने सांगितले. ते खरे धरले तर चिंता वाढते. राज्याच्या प्रमुखासाठी केलेल्या चोख तयारीत, मोकळ्या मैदानावर, सज्ज कर्मचाऱ्यांच्या गराड्यात हे होऊ शकते, तर मार्च महिन्यात सागाच्या वाळल्या पानांवर आडव्या पडलेल्या टोपलीपाशी ते होणार नाही, याची हमी कोण देणार?

याला पहिला आक्षेप आफ्रिकेचा. केनियातल्या मासाई मारामध्ये १९७० च्या दशकापासून बलून सफारी चालते आणि लाखो लोकांनी तिचा आनंद घेतला आहे. हे खरेच आहे. पण मासाई मारा हे गवताळ माळरान आहे. झाडे विरळ, दृष्टी मैलोन्‌मैल जाते, पाठलाग करणारी गाडी बलून दिसत असतानाच त्याच्याखाली पोहोचते आणि उतरण्याच्या जागेवरच सकाळची न्याहारी मांडली जाते. तिथले यश त्या जमिनीचे आहे. ती जमीन नागरहोळ्यात नाही, ताडोब्यातही नाही. आपल्याकडे ज्या गोष्टीची नक्कल होते ती बलूनची. माळरान बरोबर आणता येत नाही. त्याशिवाय गवताळ मैदानात शांत उंचीवरून जाणारा बलून आणि झाडांवरून जाताना उंची राखायला पुन्हा पुन्हा बर्नर भडकवणारा बलून, यांच्या आवाजातही फरक आहे. त्या फुत्काराने दचकलेला हत्तींचा कळप कुठे धावेल, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जंगलात एरवी जीप आणि बसमधून सफारी होतात, त्यांच्या धुळीने, धुराने आणि गर्दीने प्राण्यांना त्रास होतोच. मग इंधन कमी लागणारा, रस्ता न लागणारा, स्थानिकांना रोजगार देणारा बलून वाईट का? सफारीच्या गर्दीवर मर्यादा हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण गाडी ठरलेल्या वाटेने जाते, ठरलेल्या वेळी परत येते आणि तिची बेशिस्त तपासनाक्यावर पकडता येते. जंगलातल्या हालचालीवर मर्यादा घालण्याचा बंदीपूरचा अनुभव मोठा आहे. २००९ पासून तिथल्या राष्ट्रीय महामार्गावर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. केरळचा विरोध, न्यायालयीन लढे, व्यापाऱ्यांची नाराजी, हे सारे सोसून कर्नाटकाने ती बंदी टिकवली, कारण गाड्यांखाली प्राणी मरत होते. ज्या जंगलासाठी भाजीच्या ट्रकांना नऊ तास थांबवले जाते, तिथे ज्याचा मार्गच सांगता येत नाही असे वाहन करमणुकीसाठी सोडणे, हा त्या त्यागाचा अवमान ठरेल. रोजगाराचेही तसेच. नागरहोळ्यातून बाहेर काढल्या गेलेल्या जेनु कुरुबा आदिवासी कुटुंबांचा आपल्या जुन्या वस्तीवर परतण्याचा झगडा अजून चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मध गोळा करणाऱ्याला जंगलात राहण्याची मनाई आणि तिकीट घेऊन वरून येणाऱ्याला मुभा, हा न्याय कुणालाच पटू नये. बलूनच्या धंद्यातले चालकाचे, तंत्रज्ञाचे, मालकाचे काम बाहेरून येणाऱ्यांकडे जाते. गावातल्या माणसाच्या वाट्याला दोर धरण्याचे आणि कापड गुंडाळण्याचे काम येते.

यात वनखात्यावर पडणारा भारही मोजायला हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली, तेव्हा कर्नाटक सरकारने नागरहोळे आणि बंदीपूरमधल्या सफारी थांबवण्याचा आदेश दिला आणि त्या कामातली माणसे वाघाच्या शोधाला लावली. माणसे मोजकीच असतात. एक बलून जंगलात भरकटला की गस्त, वणव्याची राखण, शिकाऱ्यांवरची नजर सोडून हीच माणसे त्याच्या शोधाला धावणार. त्या दिवशी जंगलाचे जे नुकसान होईल, ते तिकिटाच्या किमतीत धरलेले नसते.

तिसरा आक्षेप साहसाचा आणि ज्ञानाचा. माणसाने धोके पत्करले नसते तर कुठलाच मुलूख कळला नसता, असे म्हणणारे आंद्रेंचेही नाव आदराने घेतात, आणि तो आदर मलाही आहे. जंगलाच्या छताचा अभ्यास हवेतून झालेलाही आहे. फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हाले यांच्या पथकाने १९८६ मध्ये फ्रेंच गयानात एअरशिपमधून वर्षावनाच्या शेंड्यांवर तराफा उतरवून संशोधन केले. त्याच वाटेवर, १९९३ मध्ये सुमात्रात, वन्यजीव चित्रपटकार डीटर प्लागे छोट्या एअरशिपमधून झाडांच्या शेंड्यांचे चित्रीकरण करताना पडून गेले. हे लोक जाणते होते, धोका स्वतःचा होता आणि हेतू ज्ञानाचा होता. पण मुद्दा असा की, नागरहोळ्याबद्दल आपल्याला जे कळले ते वरून तरंगत जाऊन कळलेले नाही. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकात याच जंगलात वाटांवर स्वयंचलित कॅमेरे बसवून, प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे ओळखून, वाघांची संख्या काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत घडवली. ती पुढे देशभर आणि देशाबाहेरही वापरली गेली. त्यामागे जमिनीवरची पायपीट, चिकाटी आणि गणित होते. पानगळीच्या जंगलावरून तासभर जाणाऱ्या पर्यटकाला दिसतात ते झाडांचे शेंडे. वाघ त्यांच्या खाली असतो.

चौथा युक्तिवाद तंत्रज्ञानाचा: आता जीपीएस आहे, घटकेघटकेचा हवामान अंदाज आहे, रेडिओ आहे. ही साधने तुम्ही कुठे आहात ते सांगतात, तुम्हाला तिथून हलवत नाहीत. लॉकहार्टच्या चालकालाही आधुनिक उपकरणे उपलब्ध होती आणि हवामानाची माहिती मिळालेली होती. चौकशीत दोष निघाला तो त्याच्या निर्णयात.

बलूनवरच बंदी घाला, असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या साहसाचा चांगला नमुनाही समोर आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून हॉट एअर बलूनमधून निघाले, २१ हजार मीटरहून अधिक उंची गाठून त्यांनी जागतिक विक्रम केला आणि सह्याद्री ओलांडून नाशिक जिल्ह्यात सिन्नरकडच्या मोकळ्या मुलखात उतरले. वाटेत कसाऱ्याचे घाट होते, पलीकडे उघडे पठार होते, आणि उतरणे पठारावर झाले. कामशेतच्या परिसरातही बलून शेतांवरून उडतात. म्हैसुरातही तसे करता येईल: शहराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या मोकळ्या शेतजमिनींवरून, पीक निघाल्यानंतर, शेतकऱ्यांशी आधी करार करून. दसऱ्यातल्या गर्दीसाठी जाड दोरांनी जमिनीला बांधलेला बलून पुरेसा आहे. पन्नास-साठ मीटरवरूनही राजवाड्याचे दिवे आणि चामुंडी टेकडी दिसते, आणि वारा वाढला की बलून खाली ओढून घेता येतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय चालकाचा परवाना आणि बलूनची उड्डाणयोग्यता तपासते, ते आवश्यकच आहे. त्याच्या जोडीला कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांनी एक अट घालावी. उड्डाणाच्या जागेभोवती, त्या हंगामातल्या वाऱ्यांचा विचार करून, बलून दोन तासांत जिथवर जाऊ शकतो तो सगळा पट्टा अर्जासोबत नकाशावर दाखवावा. त्या पट्ट्यात व्याघ्र प्रकल्पाचे किंवा अभयारण्याचे क्षेत्र येत असेल, तर परवानगी नाकारावी, बफर क्षेत्राचा अपवाद न करता. उच्चदाबाच्या वीजवाहिन्या येत असतील तर त्या नकाशावर आखून चालकाला आधी दाखवलेल्या असाव्यात. पिकाच्या नुकसानीची रक्कम आयोजकाने उड्डाणाआधी तहसील कचेरीत अनामत ठेवावी. आणि त्या सकाळी वारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तिकिटाचे सगळे पैसे परत मिळतील, असे तिकिटावरच छापलेले असावे, म्हणजे उड्डाण रद्द करण्याचा निर्णय चालकाला कोणाच्या दबावाशिवाय घेता येईल.